पैसे आधी, आवाज नंतर

मराठीत पैशाला नावे पुष्कळ आहेत. लग्नात दिला तो आहेर, बहिणीच्या ताटात ठेवली ती ओवाळणी, मंडळाच्या पावतीवर दिली ती वर्गणी, घराचा सौदा ठरताना मोजला तो विसार, अडीअडचणीला शेजाऱ्याला दिले ते उसने. रमजानच्या महिन्यात मुसलमानांच्या घरांत आणखी काही नावे कानी पडतात. वर्षभराच्या शिलकीवर अडीच टक्के काढायची ती जकात, ईदच्या नमाजाआधी गरिबाच्या घरी पोचवायचा तो फित्रा, मुलांच्या मुठीत ठेवायची ती ईदी, व्याज न घेता अडलेल्याला द्यायचे ते कर्जे हसना. ही नावे उगीच वेगळी नाहीत. नाव घेतले की देणाऱ्याने काय अपेक्षा ठेवायची आणि घेणाऱ्यावर काय बंधन आहे, हे दोघांनाही न सांगता कळते. उसने परत करायचे असते. वर्गणी परत मागायची नसते. विसार घेतला की शब्द फिरवायचा नसतो.

गेल्या दीड दशकात मात्र इंटरनेटवर असा एक पैसा फिरू लागला आहे, की त्याला नेमके काय म्हणावे हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक नसते. वस्तू अजून तयार नाही, कारखान्यात साचेही पडलेले नाहीत, हातात आहे तो एखादा नमुना आणि एक देखणी चित्रफीत. तेवढ्यावर जगभरातले हजारो अनोळखी लोक आपापले दोनशे-तीनशे डॉलर पाठवतात आणि वाट पाहत बसतात. याला इंग्रजीत क्राउडफंडिंग म्हणतात. घड्याळे, खेळ, पुस्तके, चित्रपट अशा कितीतरी गोष्टींसाठी असा पैसा जमतो. पण त्यातले फायदे आणि धोके एकाच जागी पाहायचे, तर खिशात मावणारी आवाजाची उपकरणे पाहावीत. इअरफोन, हेडफोन, गाणी ऐकण्याचे छोटे प्लेअर. या क्षेत्राने लोकांच्या पैशातून खरोखर नवे काही जन्माला घातले आहे, आणि लोकांचा पैसा बुडवलाही आहे.

जुनी रीत, नवा मंच

वस्तू तयार होण्याआधी पैसे द्यायचे, ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकाची नोंदणी करणारी घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मोठा कोश किंवा अनेक खंडांचा ग्रंथ निघणार असला, की वाचक आधी रक्कम भरतो, प्रकाशकाला छपाईसाठी भांडवल मिळते आणि वाचकाला पुस्तक थोडे स्वस्तात पडते. कोकणात आंब्याला मोहोर आला की तो पाहून बागेचा सौदा करणारे व्यापारी आहेत. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा १९७६ सालचा चित्रपट तर गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला.

इंटरनेटने या रितीला जगाचा बाजार दिला. इंडिगोगो हे संकेतस्थळ २००८ मध्ये आणि किकस्टार्टर एप्रिल २००९ मध्ये सुरू झाले. किकस्टार्टरचा नियम साधा आहे. निर्मात्याने आपले उद्दिष्ट आणि मुदत जाहीर करायची. मुदतीत तेवढी रक्कम जमली तरच पाठीराख्यांच्या कार्डांवरून पैसे वळते होतात, नाहीतर कोणाचाच पैसा कापला जात नाही. जमलेल्या रकमेतले पाच टक्के संकेतस्थळ घेते, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. इंडिगोगोवर उद्दिष्ट गाठले नाही तरी जमेल तेवढी रक्कम ठेवून घेण्याची सोयही निर्मात्याला मिळत आली आहे. या एका फरकामुळे जोखीम बरीच बदलते. एक लाखाची गरज असलेल्या माणसाच्या हाती वीस हजारच आले, तर तो वस्तू पुरी कशी करणार, हा प्रश्न तिथे उभा राहतो.

‘किकस्टार्टर हे दुकान नव्हे’ असे त्या संकेतस्थळाने सप्टेंबर २०१२ मध्येच जाहीरपणे लिहिले. यंत्रे बनवणाऱ्यांनी खराखुरा नमुना दाखवावा, संगणकावर रंगवलेली खोटी चित्रे दाखवू नयेत, असा नियमही तेव्हा आला. पण पान दिसते दुकानासारखेच. फोटो, किंमत, सवलत, रंगांची निवड, ‘थोडेच शिल्लक’ अशी पाटी. डोळ्यांना दुकान दिसते आणि खाली बारीक अक्षरात दुकान नसल्याचे लिहिलेले असते. पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे.

आवाजाचाच नाद का

क्राउडफंडिंगवर आवाजाच्या उपकरणांची एवढी गर्दी का, याला कारणे आहेत. एक तर ही वस्तू लहान. चिप, बॅटरी, स्पीकरचा पडदा, हे सुटे भाग बाजारात तयार मिळतात आणि चीनमधल्या शेन्झेनसारख्या शहरात जोडणी करून देणारे कारखाने आहेत. चार-पाच हुशार अभियंत्यांना घराच्या गॅरेजमध्ये चालता नमुना बनवता येतो. दुसरे म्हणजे या वस्तूला भक्त आहेत. चांगल्या आवाजासाठी महिनोन्‌महिने पैसे साठवणारे शौकीन प्रत्येक देशात सापडतात. आपल्याला हवी तशी वस्तू मोठ्या कंपन्या बनवत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार. त्यांची संख्या एका गावात पाच असेल, पण जगभरात ती दहा हजार होते, आणि दहा हजार गिऱ्हाइकांवर एक छोटी कंपनी उभी राहू शकते. हा खरा लाभ आहे आणि तो कमी लेखू नये.

पण याच वस्तूत एक अडचण आहे, ती दुसऱ्या कुठल्या वस्तूत एवढी नसते. कपड्याचा रंग पडद्यावर दिसतो, पिशवीचे कप्पे मोजता येतात. आवाज मात्र पडद्यावर दाखवता येत नाही. नव्या हेडफोनची जाहिरात आपण ऐकतो ती आपल्याच जुन्या हेडफोनमधून किंवा मोबाइलच्या स्पीकरमधून. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे द्यायचे, तोच गुण पैसे देण्याआधी पारखता येत नाही. मग निर्माता काय दाखवतो? ऐकणाऱ्यांचे चेहरे दाखवतो.

पोनो : मिळाले, तरी टिकले नाही

हे सर्वांत स्पष्ट दिसले ते ‘पोनो’च्या वेळी. कॅनडात जन्मलेले प्रसिद्ध गायक-गीतकार नील यंग यांना एमपी-थ्रीच्या दाबलेल्या आवाजाचा राग होता. स्टुडिओत कलावंत जे ऐकतो ते श्रोत्याला ऐकू आले पाहिजे, या ध्यासातून त्यांनी त्रिकोणी आकाराचा, खिशातला प्लेअर आणला. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात त्याची घोषणा झाली आणि किकस्टार्टरवर मोहीम उघडली. उद्दिष्ट आठ लाख डॉलरचे होते, ते एका दिवसात पार पडले. महिनाभरानंतर मोहीम संपली तेव्हा १८,२२० पाठीराख्यांकडून ६२ लाख डॉलर जमले होते. त्या वेळच्या दराने ही रक्कम ३७ कोटी रुपयांच्या आसपास जाते. चित्रफितीत एकामागून एक नामवंत गायक-वादक यंग यांच्या मोटारीत बसून पोनो ऐकताना आणि थक्क होताना दिसत होते. पैसे पाठवणाऱ्याने ऐकले काहीच नव्हते. ऐकणाऱ्यांचे चेहरे तेवढे पाहिले होते.

पोनोची बाजू तांत्रिकदृष्ट्या थोडी समजून घ्यायला हवी. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. पोनो १,९२,००० नमुने आणि २४ बिटपर्यंतचे ध्वनिमुद्रण वाजवू शकत होता. आकडे मोठे आहेत. पण माणसाचा तरुण कान साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतच ऐकतो, आणि ४४,१०० नमुन्यांत २२ हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज पुरता पकडता येतो. मग वरच्या आकड्यांनी कानाला फरक किती पडतो, हा वाद तज्ज्ञांत जुना आहे. पोनो बाजारात आल्यावर तंत्रज्ञानावर लिहिणारे पत्रकार डेव्हिड पोग यांनी काही लोकांना डोळ्यांआड दोन्ही उपकरणे ऐकवली, तेव्हा साध्या आयफोनपेक्षा पोनो सरस असल्याचे ऐकणाऱ्यांना ठामपणे सांगता आले नाही.

तरीही पोनोने शब्द पाळला. २०१४ च्या अखेरीपासून पाठीराख्यांच्या घरी प्लेअर पोचू लागले, आणि २०१५ च्या सुरुवातीला ३९९ डॉलरला दुकानांतही मिळू लागले. पाठीराख्यांना तो ३०० च्या आसपास पडला होता. सवलत मिळाली, वस्तू मिळाली. पण पोनोला गाणी विकणारे स्वतःचे दुकान होते आणि ते दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर चालत होते. २०१६ मध्ये ती यंत्रणा पुरवणारी ओम्नीफोन ही ब्रिटिश कंपनी संपली, पोनोचे दुकान बंद झाले, ते पुन्हा उघडलेच नाही. २०१७ मध्ये यंग यांनी प्रकल्प थांबल्याचे सांगितले. ज्यांच्याकडे प्लेअर होता, त्यांचा प्लेअर मात्र त्या दिवशी बंद पडला नाही, कारण तो स्वतःच्या साठवणीतली आणि कार्डावर भरलेली गाणी वाजवत होता. हा मुद्दा पुढे कामी येईल.

डॅश : वाट दाखवणारे मागे राहतात

त्याच वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, जर्मनीच्या म्युनिक शहरातल्या ब्रागी या नव्या कंपनीने ‘द डॅश’ नावाची मोहीम काढली. दोन सुटे मणी, दोन्ही कानांत एकेक, मध्ये वायर अजिबात नाही. आज रस्त्यावरच्या प्रत्येक दुसऱ्या मुलाच्या कानात अशी वस्तू दिसते, म्हणून तिचे नवल वाटत नाही. तेव्हा ती स्वप्नवत होती. २ लाख ६० हजार डॉलर मागितले होते, जवळपास १६ हजार लोकांनी ३४ लाख डॉलर दिले.

नमुना आणि कारखान्यातून निघणारा माल यांत किती अंतर असते, ते डॅशने दाखवले. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात जिरतात, आणि माणसाचे डोके बहुतांशी पाण्याचेच. डाव्या कानातून उजव्या कानापर्यंत लहर पोचवायची तर मध्ये हा पाण्याचा डोंगर. ब्रागीने त्यासाठी दोन्ही मण्यांमध्ये चुंबकीय क्षेत्रावर चालणारी वेगळी जोडणी वापरली. शिवाय चार जीबीची साठवण, हालचाल व नाडी मोजणारी यंत्रणा, सगळे एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत. नोव्हेंबर २०१४ चा वायदा होता. माल पाठीराख्यांच्या हाती पडायला त्यानंतर साधारण वर्ष गेले.

डिसेंबर २०१६ मध्ये ॲपलचे एअरपॉड्स विक्रीला आले आणि बाजार पालटला. मोठ्या कंपनीकडे कारखाने, दुकाने, जाहिरात आणि स्वतःचा फोन होता. २०१९ मध्ये ब्रागीने उपकरणे बनवण्याचा व्यवसाय विकला आणि ती सॉफ्टवेअरकडे वळली. लोकांच्या पैशाने कल्पना खरी ठरवली, बाजार आहे हे सिद्ध केले, आणि पीक दुसऱ्याने नेले. पाठीराख्याला यातले काही मिळत नाही, कारण त्याने कंपनीत हिस्सा घेतलेला नसतो. कंपनी कोट्यवधींना विकली गेली तरी त्याच्या वाट्याला एक वस्तूच येते, आणि कंपनी बुडाली तर तीही येईल याची खात्री नसते.

सगळ्याच गोष्टी अशा उदास नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या नुरा कंपनीने २०१६ मध्ये असा हेडफोन मांडला, की तो आधी ऐकणाऱ्याचा कान तपासतो. नवजात बाळांची श्रवणशक्ती तपासताना कानाच्या आतून येणारा अतिसूक्ष्म प्रतिसाद टिपतात. तीच युक्ती वापरून प्रत्येकाच्या कानाप्रमाणे आवाज जुळवायचा, अशी कल्पना होती. सुमारे १८ लाख डॉलर जमले, हेडफोन २०१७ मध्ये हाती आले, पुढे नवी उपकरणे निघाली. २०२३ मध्ये मासिमो या अमेरिकी कंपनीने नुरा घेतली आणि ते तंत्र डेनॉन या नामांकित नावाखाली बाजारात आले. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत शोभेल अशी एक कल्पना काही हजार अनोळखी लोकांच्या भरवशावर कानांपर्यंत पोचली.

दहा हजारांत अडीचशे

आता तिसरी गोष्ट. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरातल्या ऑसिक कंपनीने २०१६ मध्ये ‘ऑसिक एक्स’ या हेडफोनसाठी पैसे मागितले. डोक्याचा आणि कानाचा आकार ओळखून तो चहूबाजूंनी आवाज येत असल्याचा भास घडवणार होता. व्हर्च्युअल रिॲलिटीचा बोलबाला नुकताच सुरू झाला होता. एक लाख डॉलरच्या उद्दिष्टावर दहा हजारांहून अधिक पाठीराख्यांनी २७ लाख डॉलर दिले. नंतरच्या नोंदण्या धरून आकडा आणखी वाढला. दोन वर्षे तारखा पुढे सरकत राहिल्या. मे २०१८ मध्ये कंपनीने कळवले, की पैसे संपले आहेत, उरलेला माल बनवायला आणखी वीस लाखांहून जास्त डॉलर लागतील, आणि ते मिळण्याची आशा नाही. तोवर सुमारे अडीचशे हेडफोन तयार होऊन गेले होते. बाकीच्या हजारोंना ना वस्तू मिळाली, ना पैसा.

इथे चोरी झाली, असे म्हणायला आधार नाही. पैसा कामावरच खर्च झाला, असे कंपनीचे म्हणणे. हेच जास्त विचार करायला लावणारे आहे. लबाडाला ओळखता तरी येते. प्रामाणिक माणूस स्वतःच्या हिशेबात चुकतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही.

हिशेब का चुकतो? एक नमुना हाताने बनवणे निराळे आणि दहा हजार नग सारखे बनवणे निराळे. प्लॅस्टिकच्या प्रत्येक भागाला पोलादी साचा लागतो आणि त्याची किंमत पहिला नग निघण्याआधीच मोजावी लागते. साच्यात केसाएवढी चूक निघाली तर साचा पुन्हा करायचा. लिथियम बॅटरी विमानाने पाठवायची तर वेगळ्या चाचण्या, रेडिओ लहरी सोडणारे उपकरण म्हणून प्रत्येक देशाची वेगळी परवानगी. शंभरातले पाच नग खराब निघाले तर ते बदलून द्यायचे. वर टपालखर्च. त्यात मोहिमेच्या उत्साहात निर्माता आणखी आश्वासने देतो. दहा लाख झाले तर नवा रंग, वीस लाख झाले तर नवी सोय. प्रत्येक नव्या सोयीबरोबर काम पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

अमेरिकेतील व्हार्टन व्यवस्थापन संस्थेचे प्राध्यापक इथन मॉलिक यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात दिसले, की ७५ टक्क्यांहून अधिक प्रकल्प कबूल केलेल्या तारखेनंतर वस्तू देतात, आणि मागितल्यापेक्षा जितका जास्त पैसा जमतो तितका उशीर वाढण्याकडे कल असतो. किकस्टार्टरच्या सुमारे ४७ हजार पाठीराख्यांना विचारून त्यांनी २०१५ मध्ये दुसरा निष्कर्ष मांडला : शंभरातले साधारण नऊ प्रकल्प कबूल केलेले देतच नाहीत. नऊ हा आकडा फार मोठा नाही. पण दुकानात शंभर वेळा पैसे मोजले आणि नऊ वेळा रिकाम्या हाताने परतलो, तर त्या दुकानाची पायरी कोण चढेल?

वायद्याच्या सौद्याची अट

आधी पैसे आणि नंतर माल, या सौद्यातली जोखीम जुन्या व्यापाऱ्यांना पुरती ठाऊक होती. मदिनेतले लोक खजुराचे पैसे वर्ष-दोन वर्षे आधी देत असत. प्रेषित मुहम्मद यांनी तो व्यवहार बंद केला नाही, कारण बागाईतदाराला भांडवल लागते. पण माप ठरलेले, वजन ठरलेले आणि मुदत ठरलेली हवी, अशी अट घातली. फिकहच्या भाषेत याला ‘सलम’ म्हणतात. कारागिराला सांगून वस्तू घडवून घ्यायची, त्या सौद्याला ‘इस्तिस्ना’ असे वेगळे नाव आहे. ज्यात काय मिळणार हेच धूसर आहे तो सौदा टाळावा, हा त्यामागचा विचार. तो समजायला कुठल्या एका धर्माचे असावे लागत नाही. मोहोरावर बाग घेणारा व्यापारीही झाडे मोजतो, हवामान पाहतो आणि कोणाची जोखीम किती ते आधी बोलून घेतो.

क्राउडफंडिंगच्या पानाला ही कसोटी लावून पाहावी. माप अर्धवट ठरलेले असते, कारण वस्तूची घडण पुढे बदलू शकते. मुदत ‘अंदाजे’ असते. आणि माल आला नाही तर काय, याचे उत्तर संकेतस्थळाच्या अटींत मिळते : करार निर्माता आणि पाठीराखा यांच्यातला आहे, संकेतस्थळ त्यात पक्षकार नाही, ते पैसे परत देत नाही. निर्मात्याने मनापासून प्रयत्न करावा, न जमल्यास हिशेब द्यावा आणि उरलेले पैसे परत करावेत, अशी अपेक्षा आहे. पण उरलेले काही नसेल तर अपेक्षा कागदावरच राहते.

उघड फसवणुकीत कायदा हलतो, पण सावकाश. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने क्राउडफंडिंगमधले पहिले प्रकरण २०१५ मध्ये हाती घेतले, ते एका पटावरच्या खेळाचे होते. बॅटरी बसवलेल्या एका सॅकसाठी आठ लाखांहून अधिक डॉलर गोळा करून ते भलतीकडे खर्च केल्याचा आरोप ठेवून त्याच आयोगाने २०१९ मध्ये दुसरी तक्रार गुदरली. आपल्याकडे सेबीने जून २०१४ मध्ये क्राउडफंडिंगवर चर्चेसाठी मसुदा काढला होता, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये परवानगी नसलेल्या ऑनलाइन मंचांवरून हिस्से विकत घेण्याबाबत गुंतवणूकदारांना सावध केले होते. पण तो विषय कंपनीतल्या हिश्श्यांचा. हेडफोनसाठी परदेशी निर्मात्याला तीनशे डॉलर पाठवणारा आपल्या गावातला तरुण त्यात बसत नाही. म्युनिकला किंवा सॅन डिएगोला जाऊन दाद मागणे त्याला परवडणार नाही. कार्डाच्या बँकेकडे तक्रार करायला मुदत असते, आणि वस्तू वर्ष-दीड वर्ष लांबली की बहुधा ती मुदत उलटून गेलेली असते. शिवाय पार्सल आलेच, तर सीमाशुल्क आणि कर भरायचा तो वेगळा. बिघाड झाला तर जवळ दुरुस्तीचे केंद्र नाही.

पाठवण्याआधी

म्हणजे असा पैसा कधी पाठवूच नये का? तसे नाही. डॅशला, नुराला पैसे देणारे कोणी नसते, तर त्या कल्पना वहीतच राहिल्या असत्या. पण पाठवण्याआधी काही गोष्टी पाहून घ्याव्यात.

चालता नमुना कोणा तिऱ्हाइताने हातात घेऊन ऐकला आहे का? गायकांचे, नटांचे चेहरे म्हणजे पारख नव्हे. निर्मात्याने याआधी एखादी वस्तू बनवून वेळेवर दिली आहे का? कारखाना ठरला आहे का, की ते नंतर पाहू असे आहे? मागितलेली रक्कम कामाच्या मानाने पुरेशी आहे का? फार कमी मागणारा निर्माता विनम्र असतो असे नाही. बऱ्याचदा त्याने हिशेबच केलेला नसतो. उद्दिष्ट गाठले नाही तरी तो पैसे ठेवून घेणार आहे का? आणि पोनोने शिकवलेला प्रश्न : उद्या ही कंपनी नसेल, तर वस्तू आपल्या आपण चालेल का? कंपनीच्या सर्व्हरवर, ॲपवर किंवा दुकानावर तिचा श्वास अवलंबून असेल, तर कंपनीबरोबर तीही जाईल.

या सगळ्यांनंतर शेवटचा प्रश्न स्वतःला विचारायचा आहे. हा पैसा परत आला नाही, तर चालेल का? एका नव्या कल्पनेला हातभार लावला, एवढ्यावर समाधान होत असेल, तर खुशाल पाठवावा. वस्तू आली तर आनंद दुप्पट. पण ईदच्या कपड्यांतून वाचवलेला, फीसाठी ठेवलेला किंवा क्रेडिट कार्डावर उधार घेतलेला पैसा असेल, तर तो खरेदीसाठीच वापरावा, आणि खरेदी दुकानात करावी. तिथे वस्तू कानाला लावून पाहता येते आणि बिघडली तर परत नेता येते.

घेणाऱ्यासाठीही यात काही आहे. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली हुशार मुले आज ना उद्या अशी मोहीम काढतील, आणि काढावी. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की दहा हजार अनोळखी लोकांनी पाठवलेली रक्कम म्हणजे नफा नव्हे, ती अमानत आहे. मिळाल्या दिवसापासून तिचा हिशेब लिहावा आणि दर महिन्याला देणाऱ्यांना दाखवावा. उशीर होणार असेल तर तारीख उलटण्याआधी कळवावे. जमणार नसेल, तर पैसे शिल्लक असतानाच तसे सांगावे. पाठीराखे उशीर बहुधा सोसून घेतात. महिनोन्‌महिने एक ओळही आली नाही की त्यांचा धीर सुटतो.